लाइनीवरचा कान

किन्हवलीच्या जयराम वेखंडेला राग येतो, हे त्याच्या बायकोलाही तीस वर्षांच्या संसारात फारसं कळलं नव्हतं. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. तुटलेल्या तारा जोडायला जायचं, लोकांच्या शिव्या खायच्या आणि ‘करतो, करतो’ म्हणत खांबावर चढायचं, हा त्याचा स्वभावच होऊन बसला होता. खात्याने मुदतीआधी निवृत्ती देऊ केली ती त्याने घेतली, पण घरात बसून हात शिवशिवायला लागले. मग पन्नाशी उलटल्यावर तो कल्याणला जाऊन नेटवर्किंगचा कोर्स शिकला. वर्गातली पोरं आधी त्याला शिपाई समजली होती. सहा महिन्यांनी तीच पोरं त्याची वही मागून न्यायला लागली.

पुढे मुरबाडच्या एमआयडीसीतल्या तीन-चार कारखान्यांची कामं त्याच्याकडे आली. वायरी ओढायच्या, वायफाय बसवायचं, काही बंद पडलं की मोटरसायकलवर टांग टाकून सरळगावमार्गे धावायचं. त्यातला एक कारखाना औषधाच्या गोळ्या पाकीटबंद करणारा. दीडशेच्या आसपास बायका तिथे लाइनीवर बसत. शेणवा, किन्हवली, सरळगाव असं करत कंपनीची बस त्यांना गोळा करून आणी. या बायका त्याला काका म्हणत, आणि त्यालाही ते बरं वाटे.

दिवाळीनंतर कंपनीने त्याच्याकडून एक प्रॉक्सी सर्व्हर बसवून घेतला. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. कारखान्यातला कुठलाही कॉम्प्युटर बाहेरच्या जगाशी थेट बोलायचा नाही. आधी या मधल्याला सांगायचं, मधल्याने पुढे सांगायचं, आणि आलेलं उत्तरही त्यानेच आणून द्यायचं. यात मुळात वाईट काही नसतं. बँक असो की मेल, बोलणं कुलूपबंद असतं, वरच्या पट्टीत बारीकसं कुलूप दिसतं. साधा प्रॉक्सी ते कुलूपबंद पाकीट जसंच्या तसं पुढे सरकवतो. कुणाला गेलं एवढं त्याला कळतं. आत काय लिहिलंय ते कळत नाही.

पण एचआरचे स्वरूप सर म्हणाले की पाकिटाच्या आतलंही तपासायचं आहे, कारण व्हायरस असल्या बंद पाकिटांतूनच येतात. ते खोटंही नव्हतं. त्यासाठी मधल्याने पाकीट उघडायचं, आत बघायचं आणि स्वतःचं कुलूप लावून पुढे धाडायचं. ही लबाडी कॉम्प्युटरला लगेच समजते आणि तो पडदाभर बोंब मारतो. त्याने गप्प राहावं म्हणून प्रत्येक मशीनमध्ये कंपनीचं एक सर्टिफिकेट बसवावं लागतं. ‘हा मधला आपलाच आहे, विश्वास ठेव,’ असं मशीनला सांगणारं. जयरामने चौतीस कॉम्प्युटरांत ते स्वतःच्या हाताने बसवलं. अट मात्र एक घातली. बँका, दवाखाने, सरकारी वेबसाइटी आणि लोकांचे खासगी मेल यांची पाकिटं फोडायची नाहीत. त्या सगळ्यांची यादी त्याने दोन दिवस बसून भरली. स्वरूप सर तिशीतले, मऊ बोलणारे. त्यांनी यादी वाचलीसुद्धा नाही, ‘उत्तम, उत्तम’ म्हणाले.

चौतिसातले दोन कॉम्प्युटर बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत होते. पगाराची पावती बघा, पीएफ बघा, पोरांच्या शाळेचे फॉर्म भरा, असं म्हणून कंपनीने मोठ्या कौतुकाने ठेवलेले. तिथे जयराम सर्टिफिकेट बसवत होता तेव्हा मेघा रोकडे शेजारीच फॉर्म भरायला थांबली होती. शेणव्याची मुलगी, बी.एस्सी. झालेली, तपासणीच्या टेबलावर बसणारी. बाकीच्या बायकांचे अर्ज-बिर्ज तीच लिहून द्यायची. मधेच जयरामला फोन आला म्हणून तो दाराशी गेला आणि मशीनवर पिवळी पाटी आली. मेघाने तिथूनच विचारलं, “काका, विश्वास ठेवायचा का, असं विचारतंय. काय करू?”

“ठेव गो. मी हाय ना,” जयराम म्हणाला.

तिने बटण दाबलं.

त्यानंतर महिन्याभराने लाइनीवर नव्या गोळ्या आल्या. हार्मोनच्या. त्यांची भुकटी हवेत उडे, केसांवर, पापण्यांवर बसे. कुणाची पाळी महिन्यात दोनदा यायला लागली, कुणाची थांबली. येसूबाई म्हणून पंचेचाळिशीची एक बाई टेबलाशीच चक्कर येऊन पडली. मेघा आणि तिच्या शेजारी बसणारी हेतल, दोघींनी जाऊन चांगले मास्क आणि हवा ओढणारा पंखा मागितला. सरांनी टिपून घेतलं. टिपलेलं कागदावरच राहिलं.

मग फेब्रुवारीत मेघाने कारखाने तपासणाऱ्या सरकारी ऑफिसला लिहिलं. नाव गुप्त ठेवा, असं वरच लिहून. जेवणाच्या सुट्टीत, विश्रांतीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून, स्वतःच्या मेलने. त्यात तिने आपलंही लिहिलं होतं: दोन महिने पाळी आली नाही, दिवस गेले असं वाटून घरात आनंद झाला, आणि शहापूरच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की तसं काहीच नाही. ही गोष्ट तिने नवरा आणि सासू सोडून एकट्या हेतलला सांगितली होती. पत्र पाठवण्याआधी वाचलंही होतं ते हेतलनेच.

तिसऱ्या दिवशी सरांनी मेघाला बोलावलं. त्यांच्यासमोर छापलेला कागद होता. त्यातली वाक्यं त्यांनी तिला एकेक करून वाचून दाखवली, ते डॉक्टरबाईंचं वाक्यसुद्धा, आणि घरी विश्रांती घ्या, कामाची इतकी दगदग तुम्हाला झेपत नाही असं दिसतंय, असं अगदी काळजीच्या सुरात सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बसच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

बोलावलं त्याच संध्याकाळी, घरी परतताना बसमध्ये मेघाने चाळीस बायकांच्या देखत हेतलच्या अंगावर डबा फेकला. तू माझं घर विकलंस, म्हणाली. हेतल आईची, मग पोराची शपथ घेत राहिली. कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. कॅन्टीनमध्ये तिचं ताट एकीकडे आणि बाकीच्या एकीकडे. जयरामच्या कानावर हे आलं तेव्हा त्यालाही वाटलं, असेल बुवा. मैत्रिणीच घात करतात.

मार्चमध्ये कारखान्यातून फोन आला की इंटरनेट रांगतंय. जयराम गेला, सर्व्हरच्या खोलीत बसला. डिस्क गच्च भरली होती. एवढी भरायचं कारण नव्हतं, म्हणून त्याने उघडून पाहिलं, तर एका फोल्डरमध्ये पानंच्या पानं साठवलेली. मेलची, बँकेची, दवाखान्याच्या रिपोर्टांची. वरचंच एक पान उघडलं गेलं. ‘माझे नाव गुप्त ठेवावे ही विनंती,’ एवढी पहिली ओळ त्याने वाचली आणि खाली मेघाचं नाव दिसताच पान बंद केलं. त्याचे कान तापले.

पुढचं वाचू नको म्हणून कुणी त्याचा हात धरला नव्हता. पण जयराम या एका बाबतीत हट्टी होता. फार वर्षांपूर्वी, तो एक्स्चेंजला असताना, हेडफोन लावला की गावातल्या कुठल्याही लाइनीवरचं ऐकू येई. निवडणुकीच्या दिवसांत एका पुढाऱ्याने त्याला सांगितलं होतं की समोरच्या पार्टीचा फोन दोन दिवस ऐक आणि मला सांग. जयरामने नाही म्हटलं. पुढाऱ्याने त्याची बदली मोखाड्याच्या डोंगरात करून दाखवली, आणि तिथे तीन वर्षं त्याने हूं की चूं न करता काढली. लाइन चालू आहे का एवढं बघायचं, बोलणं चालू झालं की कान काढायचा. लाइनमनच्या जातीत यापेक्षा मोठा धर्म नाही, असं तो म्हणे.

त्याने आपली यादी उघडली. बँका, दवाखाने, सरकारी वेबसाइटी, खासगी मेल. यादी रिकामी होती. एक ओळ शिल्लक नव्हती. बदल कुणी केला ते मशीन लिहून ठेवतं, म्हणून त्याने ते काढलं. तारीख होती मास्क मागितल्याच्या दुसऱ्या दिवसाची. बदल करणाऱ्याचं नाव: जयराम.

तो खुर्चीत मागे टेकला. त्या दिवशी तो शहापूरला बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनला होता; सकाळपासून संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या बाकावर. पण त्याचा पासवर्ड एका बंद लिफाफ्यात ऑफिसच्या कपाटात असे. अडीनडीला लागला तर, म्हणून त्यानेच दिलेला.

यादीच्या शेजारी दुसरी एक यादी होती, ती त्याने कधी बनवली नव्हती. त्यात शब्द होते. यातला कुठलाही शब्द कुणाच्या पाकिटात सापडला की ते पान साठवायचं आणि एचआरला कळवायचं, अशी सोय. शब्द मराठीत होते आणि इंग्रजीतही. तक्रार. युनियन. मास्क. पावडर. इन्स्पेक्टर. आणि शेवटचा, पाळी.

जयराम त्या शब्दाकडे बघत राहिला. कुणीतरी या खुर्चीत बसून, विचार करून, बायका एकमेकींना काय लिहीत असतील याचा अंदाज बांधून तो शब्द एकेक अक्षर दाबत लिहिला होता. चोरी म्हणावं तर चोरीलाही काही लाज असते. त्याच्या पोटातून काहीतरी वर आलं, आणि त्याला समजेना की हे काय आहे, कारण त्याला सवय नव्हती. मग समजलं. राग होता. खिशातून फोन काढून त्याने दोन्ही याद्यांचे आणि त्या तारखेचे फोटो घेतले. मेघाच्या पानाचा घेतला नाही.

तसाच तो स्वरूप सरांच्या केबिनमध्ये गेला. सरांनी बसायला सांगितलं, तो बसला नाही. सर म्हणाले की तुम्ही जुन्या वळणाचे आहात, तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. पण मशीन कंपनीचं, वायर कंपनीची, नोकरीवर घेताना सगळ्यांनी नियमांवर सही केलेली. चोरून कुणी काही वाचलेलं नाही. उलट कंपनीची बदनामी वाचली. हे सगळं ते इतक्या शांतपणे सांगत होते की जयरामला आपणच चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलोय असं क्षणभर वाटलं.

“सर, पाळी हा शब्द कोनी टाइप केला?” त्याने विचारलं.

सरांनी लॅपटॉप अर्धा मिटला.

“मी विचारतोय, तुमी टाइप केलात का? तुमच्या बोटांनी?”

“रेकॉर्डला तुमचं नाव आहे, जयरामकाका,” सर म्हणाले. “तेव्हा हा प्रश्न तुम्ही बाहेर कुठे विचारू नका. तुमच्याच भल्यासाठी सांगतो.”

काका म्हणाले. बायका म्हणत तसंच. जयरामने टेबलावरचा पेपरवेट उचलला. सर खुर्चीसकट मागे सरकले. जयरामने हातातल्या त्या काचेच्या गोळ्याकडे पाहिलं, परत ठेवला आणि बाहेर पडला. गेटवर वॉचमनने वहीत सही मागितली तेव्हा त्याला स्वतःचं नाव लिहवेना.

घरी येऊन त्याने बायकोला, अंबूबाईला, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सरांना शिव्या घालून झाल्यावर त्याला वाटलं, ती काम जाईल म्हणून घाबरेल, किंवा त्याची समजूत काढेल. तिने सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं की त्या पोरीला हे कोण सांगणार? आणि दुसरीला, जिच्याशी कोणी बोलत नाय, तिला? जयराम म्हणाला, बघू. अंबूबाई म्हणाली, बघायचं काय त्यात? चपला दारातच हायत.

शेणव्याला मेघाचं घर बुद्धविहाराच्या मागे. ती ओटीवर बसून दोन पोरांचा अभ्यास घेत होती. काका आले म्हणून तिने पाणी दिलं, सासूने चटई टाकली. जयरामने फोनमधले फोटो दाखवले आणि समजेल असं सांगितलं: मधला सर्व्हर, पाकीट, कुलूप, सर्टिफिकेट, शब्दांची यादी. मेघा ऐकत होती. पोरांना तिने हातानेच आत जायला सांगितलं.

“म्हणजे हेतलनं नाय सांगितलं,” ती म्हणाली.

“नाय.”

“आनि कुलूप दिसत होतं. मी बघितलं होतं पाठवायच्या आधी. कुलूप होतं.”

“ते कंपनीचं कुलूप होतं. त्याच्यावर टिचकी मारली असती तर खाली कंपनीचं नाव दिसलं असतं.”

मेघा उठली. आवाज मात्र चढवला नाही. पिवळी पाटी आली तेव्हा मी तुमाला विचारलं होतं, म्हणाली. दुसऱ्या कोणाला नाय, तुमाला. मी बी.एस्सी. झालेली बाई, मी कोणाच्याही सांगण्यावरून बटण दाबत नाय. तुमी म्हणालात, मी हाय ना. कुठे होतात तुमी? माझ्या पोटात काय हाय नि काय नाय, हे तो मानूस माझ्या तोंडावर वाचत होता तेव्हा कुठे होतात?

जयराम म्हणाला, “यातून कोनाचं वाचता येतं, ते मना म्हाईत नव्हतं गो.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने मान खाली घातली.

माफी मागायला आला असाल तर जा, मेघा म्हणाली. तिला माफीचं काही करायचं नव्हतं. तिला कागद हवा होता. जे आता तोंडाने सांगितलं ते सगळं, तारखांसकट, सही करून. बदल करणारा म्हणून त्याचं नाव आहे तेही लिहून. जयराम म्हणाला की त्यात मीही अडकेन. मेघा म्हणाली, “अडका.” मग तिने पोराच्या दप्तरातल्या वहीची पानं फाडून त्याच्यासमोर ठेवली.

त्याने तिथेच बसून चार पानं लिहिली. तो लिहीत होता तेवढ्या वेळात मेघाने तीनदा हेतलला फोन लावला. तिन्ही वेळा तिकडून कापला गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जयराम कारखान्यात गेला. सर्व्हिसचा करार अजून त्याच्याच नावावर होता, वॉचमनने सोडलं. तो थेट विश्रांतीच्या खोलीत शिरला. चाळीसेक बायका डबे उघडून बसल्या होत्या. हेतल खिडकीशी एकटी. जयरामने कॉम्प्युटर चालू केला, मेलचं पान उघडलं आणि कुलपावर टिचकी मारली. हे कुलूप कोणाच्या नावाचं हाय, मोठ्यानं वाचा, म्हणाला. पुढे बसलेल्या येसूबाईंनी डोळे बारीक करून अक्षर-अक्षर लावत वाचलं. कंपनीचं नाव होतं. मग त्याने सांगितलं की हे मी बसवलंय, तुमचं सगळं इथून वाचलं जातं, मेघाचं पत्रही इथूनच वाचलं गेलं. हेतलनं कोणाला काही सांगितलेलं नाय. एवढं बोलून त्याने दोन्ही मशीनमधलं सर्टिफिकेट काढून टाकलं. लगेच पडद्यावर इशारा आला की या जोडणीवर विश्वास ठेवू नका.

“आता खरं बोलतंय,” तो म्हणाला.

मग येसूबाई आपला डबा घेऊन उठल्या आणि खिडकीशी जाऊन हेतलच्या शेजारी बसल्या. हेतलने आपला डबा उचलला आणि ती बाहेर निघून गेली. महिनाभर जिच्याशी कुणी बोललं नव्हतं, तिने त्यांना एवढ्या स्वस्तात का सोडावं? जयरामला ते पटलं. उलट बरं वाटलं.

वॉचमन आले, त्याला दंडाला धरून गेटबाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत करार रद्द झाल्याचा मेल आला, आणि त्यात पोलिसांत जाण्याची धमकी. आठवड्याभरात बाकीच्या कारखान्यांनीही त्याला बोलावणं बंद केलं. हा माणूस आपल्याकडेही कधी काय उघडेल, असं त्यांना वाटलं असणार. पोलिसांत मात्र कंपनी गेली नाही. गेली असती तर शब्दांची ती यादी तिथेही वाचावी लागली असती.

मेघाचं पत्र सरकारी ऑफिसात पडून होतं, त्याला आता जयरामची चार पानं जोडली गेली, आणि येसूबाईंसकट एकवीस बायकांच्या सह्या. एप्रिलमध्ये तपासणीला माणसं आली. पंखा बसला. मास्क आले. हार्मोनच्या गोळ्यांची लाइन काचेच्या बंद खोलीत गेली. स्वरूप सर होते तिथेच राहिले. प्रॉक्सीही राहिला, फक्त विश्रांतीच्या खोलीत एक पाटी लागली की या कॉम्प्युटरवरचं सर्व काही कंपनी पाहू शकते. त्या दोन कॉम्प्युटरांना त्यानंतर एकाही बाईने हात लावला नाही.

मेघाला परत घ्यायला कंपनी तयार नव्हती. ती शहापूरच्या एका लॅबमध्ये कमी पगारावर लागली आणि ठाण्याला कामगार न्यायालयात केस टाकली. जयराम तिचा साक्षीदार. आसनगावहून गाडी पकडून ती दोघं तारखेला जात. मेघा त्याच्याशी कामापुरतं बोलायची: कागद आणलेत का, आधार आणलंत का. हेतलही एका तारखेला आली होती, भुकटीबद्दल साक्ष द्यायला. जे खरं ते तिने सांगितलं, मेघाने केलेल्या नमस्काराकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि एकटी परत गेली.

ऑगस्टमध्ये जयरामची उलटतपासणी झाली. कंपनीचा वकील म्हातारा, सावकाश बोलणारा. त्याने जयरामकडून वदवून घेतलं की सर्व्हर त्याने बसवला, सर्टिफिकेट त्याने बसवलं, बदलाला नाव त्याचंच आहे. त्यानंतर चष्मा काढून त्याने विचारलं की हे यंत्र बसवलंत तेव्हा, यातून लोकांचा खासगी मजकूर वाचता येतो, हे तुम्हाला माहीत होतं की नाही?

मेघा मागच्या बाकावर होती. तिच्या ओटीवर बसून तो काय म्हणाला होता, ते दोघांनाही आठवत होतं. इथेही तेच म्हटलं असतं तर तो सुटला असता. साधा वायरमन, शिकला पन्नाशीत, त्याला काय कळणार. वकिलाने पुढचे शब्दसुद्धा ओठांवर तयार ठेवले होते. जयरामला पुन्हा तोच राग आला, पेपरवेट उचलायला लावणारा. पण या वेळी तो समोरच्या माणसावर नव्हता.

“माहीत होतं,” तो म्हणाला. “वाचता येतं हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर मी ती यादी भरली. वाचणार नाहीत असं मी धरून चाललो. ती चूक माझी हाय, ती लिहून घ्या. यादी पुसली ती मी नाय. त्या दिवशी मी शहापूरच्या दवाखान्यात होतो, त्याचा कागद जोडलेला हाय. आनि पाळी हा शब्द लिहिणारा मी नाय. तो कोन, ते तुमी तुमच्या अशिलाला विचारा.”

न्यायाधीशबाईंनी मान वर केली आणि लेखनिकाला सांगितलं की साक्षीदार म्हणाला तसंच घ्या, शब्द बदलू नका.

बाहेर व्हरांड्यात मेघाने त्याला गाठलं. “माझ्या ओटीवर बसून तुमी खोटं बोललात,” ती म्हणाली.

“हां.”

“मना तेव्हाच कळलं होतं. तरी मी म्हटलं, म्हातारा मानूस हाय, सोडा. माझ्यासमोर बोलायला काय झालं होतं? कोर्टाला घाबरत नाय नि मला घाबरता?”

तो खरंच तिला घाबरला होता. ती पुढे निघाली, तो मागून चालत राहिला. आसनगावला उतरल्यावर शेणव्याकडे जाणारी एकच जीप उभी होती. मेघा पुढे ड्रायव्हरजवळ बसली, जयराम मागे दोन दुधाच्या किटल्यांच्या मधे. शेणवा येईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

जीप थांबली. ती उतरली, पदर नीट केला, आणि मागच्या फळीशी येऊन उभी राहिली.

“पुढची तारीख सतराला हाय,” ती म्हणाली. “सरांना बोलावलंय त्या दिवशी. तुमी पुढच्या बाकावर बसा, त्यांना दिसाल असे.”

जयरामने मान हलवली. जीप किन्हवलीकडे निघाली. ड्रायव्हरने काहीतरी गाणं लावलं होतं, शेजारचा माणूस भाताची लावणी कुठवर आली ते विचारत होता. जयराम त्याला नीट उत्तरं देत होता, पण राग पोटात तसाच होता, निखाऱ्यासारखा. सतरा तारखेपर्यंत तो विझू द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं.